मागचा छळ आणि आजचा गुन्हा: आरोपीचा भूतकाळ न्यायालयाने नेमका केव्हा ऐकावा?

सांजवात (धागालेखिका)

नमस्कार. गेली अठरा वर्षे मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. माझ्याकडची बरीच प्रकरणे विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नेमणुकीने येतात. त्यांतल्या एका प्रकरणामुळे हा धागा काढावासा वाटला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अपील प्रलंबित असल्यामुळे निकालाविषयी काही लिहिणार नाही.

नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली एक बाई कारागृहात होती. तो झोपेत असताना तिने त्याच्या डोक्यात वरवंटा घातला होता. मुलाखतीच्या दिवशी तिची आई माझ्याबरोबर आली, ती प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि घडी घालून घालून कोपरे फाटलेल्या चार कागदांसह. ते कागद म्हणजे सहा वर्षांत नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारींच्या, म्हणजे आपण ज्यांना एनसी म्हणतो त्यांच्या, प्रती होत्या. चारही कागदांवर शेवटची ओळ जवळपास सारखीच होती: ‘तक्रारदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.’ दोषारोपपत्रात या चार कागदांपैकी एकही नव्हता. छळाचा उल्लेख फक्त एका वाक्यात होता: ‘पती-पत्नीत वारंवार वाद होत असत व त्या रागातून आरोपीने सदरचे कृत्य केले.’

या एका वाक्यात माझा सगळा प्रश्न आहे. जो छळ बचावाचा पुरावा व्हायला हवा होता, तोच तपासात गुन्ह्याचा हेतू होऊन बसला. असे घडण्यामागे कोणाचा वैयक्तिक दुष्टपणा नाही, तर कायद्याची घडणच तशी आहे. ती समजून घ्यावी म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

खुनाच्या आरोपात भूतकाळ आणण्याचे कायदेशीर मार्ग मोजके आहेत. पहिला मार्ग खासगी बचावाच्या हक्काचा. जिवाला किंवा शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो आणि भीती टिकते तोवर टिकतो. मात्र सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ होता असे दिसले, तर तो हक्क उरत नाही. झोपलेल्या माणसापासून त्या क्षणी कोणता धोका होता, हा प्रश्न सरकारी वकील विचारतात आणि तिथेच बहुतेक वेळा हा मार्ग संपतो. दुसरा मार्ग वेडसरपणाच्या अपवादाचा, पण त्याची कसोटी फार कडक आहे. आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हते, असे सिद्ध करावे लागते. छळ सोसणाऱ्या माणसाला ते बहुधा पुरते कळत असते.

उरतो तो प्रक्षोभाचा अपवाद. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०० मधला पहिला अपवाद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये जवळपास तसाच आला आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे स्वतःवरचा ताबा सुटून मृत्यू घडवला असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, ठरतो. येथे ‘अचानक’ हा शब्द सगळे वजन घेऊन बसला आहे. दहा वर्षांचा छळ गंभीर असतो, पण तो अचानक नसतो.

अनेकांना वाटते की हा सगळा इतिहास शिक्षेच्या मुद्द्यावरील सुनावणीत सांगता येईल आणि न्यायाधीश दया दाखवतील. पण खुनाचा दोष एकदा सिद्ध झाला की न्यायाधीशांसमोर जन्मठेप आणि फाशी हे दोनच पर्याय उरतात. त्या टप्प्यावर कितीही करुण इतिहास सांगितला तरी शिक्षा जन्मठेपेच्या खाली येत नाही. म्हणून भूतकाळ ऐकायचा असेल तर तो दोष ठरवण्याआधीच ऐकला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पांथस्थ

सांजवातताई, तुमचे लिखाण मी आदराने वाचले, पण दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. माझ्या नात्यातल्या एका माणसाचा खून झाला. खटल्यात आरोपीच्या वकिलांनी तो किती वाईट होता याचे वर्णन सलग दोन दिवस केले. त्यातले काही खरे असेल, पण काही निखालस खोटे होते, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे. मेलेल्या माणसाला उलटतपासणीला उभे राहता येत नाही. तो आपली बाजू सांगू शकत नाही आणि त्याची आई न्यायालयाच्या बाकावर बसून हे सारे ऐकत असते. पूर्वीचा छळ हा बचाव मानला, तर प्रत्येक खुनी आपल्या बळीचे चारित्र्य रंगवायला मोकळा होईल. मग कायदा हातात घेणे आणि न्याय मिळणे यांत फरक काय राहिला?

सांजवात

पांथस्थ, तुमचे दुःख मी समजू शकते आणि तुमचा आक्षेप माझ्या मते या विषयातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे. मला एवढेच सांगायचे आहे की पूर्वीचा छळ हा स्वतःहून माफीचा दाखला कधीच होऊ नये. तो पुरावा आहे, आणि पुरावा तपासून पाहायचा असतो. घटनेनंतर सांगितलेली कहाणी आणि घटनेच्या चार वर्षे आधी पोलीस ठाण्यात लिहिलेली एनसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एनसी लिहिली गेली तेव्हा कोणी कोणाचा खून केलेला नव्हता, म्हणजे खोटे बोलण्याचे ते कारणही नव्हते. मेलेल्या माणसावर अन्याय होऊ नये असे वाटत असेल, तर जिवंतपणी केलेल्या नोंदींना न्यायालयात मान मिळाला पाहिजे, कारण नंतर रचलेल्या गोष्टींपासून त्या नोंदीच त्याला वाचवतील.

कायद्याचा विद्यार्थी

नानावटी खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षोभ पूर्णपणे फेटाळला होता ना? मग पूर्वीच्या घटनांना जागा कुठे राहते?

सांजवात

हा प्रश्न चांगला विचारलात, कारण त्या निकालातला आपल्या उपयोगाचा भाग सहसा कोणी वाचत नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत घडलेली ती घटना सर्वांना ठाऊक आहे. पत्नीने प्रेमसंबंधाची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी नानावटी यांनी तिला आणि मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतले आणि मग तिचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. मधे सुमारे तीन तास गेले. राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी जन्मठेप कायम केली.

पण त्याच निकालात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी प्रक्षोभाच्या कसोट्या सांगताना असेही नमूद केले की मृताच्या आधीच्या कृत्यांमुळे आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली असेल, ती नंतरचे कृत्य गंभीर आणि अचानक प्रक्षोभ ठरते का हे पाहताना विचारात घेता येईल. म्हणजे भूतकाळासाठी दार उघडे आहे. पुढची कसोटी मात्र अशी की प्राणघातक वार त्या प्रक्षोभाच्या भरातच झालेला असावा, मधल्या वेळेत राग निवून बेत आखायला अवसर मिळालेला नसावा. एक कसोटी मागे वळून पाहायला सांगते आणि दुसरी घड्याळ हातात धरते. छळाच्या प्रकरणांत घड्याळाचीच सरशी होते.

शिवाय नानावटी खटल्याची मोजपट्टी रागाची आहे. संतापलेल्या पुरुषाचा राग तासाभरात निवतो, हे कदाचित खरे असेल. भीती मात्र वेळ जाईल तशी निवत नाही. संध्याकाळ जवळ येते तशी ती वाढते.

रानजाई

मी एका समुपदेशन केंद्रात काम करते, म्हणून ‘भीती निवत नाही’ या वाक्यावर थोडे लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या बाया नवऱ्याच्या वागण्याचा जो अंदाज सांगतात तो ऐकून बाहेरचा माणूस थक्क होईल. एकीने मला सांगितले होते की रात्री गाडीचा स्टँड लावण्याच्या आवाजावरून तिला कळायचे. स्टँड हळू लागला तर जेवून झोपणार. पायाने जोरात मारून लावला तर मुलांना शेजारी पाठवायचे. त्या घरात न राहिलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे केवळ एक आवाज. तिच्यासाठी मात्र तो येऊ घातलेला हल्ला असतो. ‘त्या क्षणी धोका नव्हता’ असे म्हणताना न्यायालय कोणाच्या कानांनी ऐकत असते, हा माझा प्रश्न आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी छळाचे चक्र मांडले: ताण वाढत जाणे, मारहाण, मग पश्चात्ताप आणि गोडीगुलाबी, आणि पुन्हा ताण. सततच्या छळाने बाई हतबल होते, आपल्या हातात काहीच नाही असे मानू लागते, हा त्यांच्या मांडणीचा दुसरा भाग. पहिला भाग मी रोज पाहते. दुसरा मला पटत नाही, आणि न्यायालयात तो बाईच्या विरोधातही जाऊ शकतो. ती हतबल होती तर तिने वरवंटा कसा उचलला, असा प्रश्न येणारच. माझ्या अनुभवात या बाया हतबल नसतात. त्या रोज, तासातासाला हिशेब करत असतात. निघून गेले तर मुले कोणाकडे राहतील, भाऊ दारात उभा करील का, तो शोधत आला तर काय होईल, या साऱ्याचा तो हिशेब असतो.

थेम्सकाठ

मी गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या कायद्याचा प्रवास या चर्चेला उपयोगी पडेल, कारण ‘अचानक’ या शब्दाचे ओझे इथेही दीर्घकाळ वाहिले गेले. १९४९ च्या डफी खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी प्रक्षोभाची व्याख्या करताना स्वतःवरचा ताबा अचानक आणि तात्पुरता सुटणे ही अट घातली. ती आरोपीही नवऱ्याचा छळ सोसलेली बाईच होती. पुढे चाळीस वर्षे हीच व्याख्या चालली.

ती हादरली किरणजीत अहलुवालिया यांच्या खटल्यामुळे. मूळच्या पंजाबच्या आणि लग्नानंतर इथे आलेल्या या बाईने दहा वर्षे मारहाण सोसली. मे १९८९ मध्ये एका रात्री नवरा झोपलेला असताना तिने त्याच्या अंगावर पेट्रोल ओतून पेटवले. त्याच वर्षी डिसेंबरात तिला खुनासाठी जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने तिचे प्रकरण उचलून धरले आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने खुनाचा दोष रद्द केला. मात्र प्रक्षोभाचा मुद्दा तिथे टिकला नाही. न्यायालयाने एवढे मान्य केले की मधे वेळ गेला म्हणून बचाव आपोआप बाद होत नाही, पण वेळ जितका अधिक तितका तो अवघड होतो. अपील यशस्वी झाले ते तीव्र नैराश्याच्या वैद्यकीय पुराव्यावर, म्हणजे मानसिक स्थितीमुळे जबाबदारी कमी होते या वेगळ्या बचावावर. ती सुटली याचा आनंद होतो, पण त्यासाठी ‘मी आजारी होते’ असे तिला सिद्ध करावे लागले. तिने जे सोसले ते पुरेसे ठरले नाही, ही गोष्ट मला आजही खटकते.

२००९ च्या कायद्याने जुना प्रक्षोभ रद्द झाला आणि ऑक्टोबर २०१० पासून नवा बचाव लागू झाला. ताबा सुटणे अचानकच असले पाहिजे ही अट त्यात नाही आणि मृताकडून गंभीर हिंसेची भीती हे स्वतंत्र कारण म्हणून मान्य केले आहे. त्याच कायद्याने जोडीदाराची लैंगिक बेइमानी हे एकटे कारण पुरेसे मानायचे नाही असेही ठरवले. नानावटी खटल्याच्या पार्श्वभूमीवर हे दोन बदल शेजारी ठेवून पाहावेत. सूडाच्या भरात वार करणाऱ्याची मुभा त्यांनी कमी केली आणि घाबरलेल्या माणसाची वाढवली.

सांजवात

थेम्सकाठ, अतिशय मोलाची माहिती दिलीत. जबाबदारी कमी करणारा तो मधला बचाव आपल्याकडे नाही. आपल्याकडे एक तर माणूस वेडा, नाही तर पूर्ण शहाणा.

भारतीय न्यायालयांनी काहीच केले नाही असे मात्र नाही. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर सुयंबुक्कनी नावाच्या स्त्रीचा खटला आला. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून तिने मुलांसह विहिरीत उडी घेतली. मुले गेली, ती वाचली आणि तिच्यावर खुनाचा आरोप आला. मुलांना विहिरीत लोटून स्वतःही उडी घेणाऱ्या नल्लतंगाळची तमिळ लोककथा आधाराला घेऊन न्यायालयाने सातत्याच्या प्रक्षोभाची कल्पना मान्य केली आणि खुनाचा दोष सदोष मनुष्यवधावर आणला. काटेकोर पाहिले तर अपवादाच्या शब्दांत हे बसत नाही, कारण मुलांनी आईला काहीच प्रक्षोभ दिला नव्हता. तरीही न्यायालयाने शब्दांपलीकडे जाऊन पाहिले. ‘लेकरांसह विहिरीत उडी’ ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येते की आपण पान उलटतो. वाचलेल्या आईवर पुढे कोणत्या कलमाखाली खटला चालतो, हे कोणी विचारत नाही.

२०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने मंजू लाक्रा प्रकरणात, छळाचा मनावर होणारा साचलेला परिणाम विचारात घेऊन, खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष धरला. तिथे मात्र नवरा प्रत्यक्ष मारत होता आणि तिने त्याच्याच हातातले लाकूड हिसकावून घेतले होते. झोपेतल्या वारापर्यंत हा धागा अजून पोहोचलेला नाही.

वैनगंगा

मी नागपूरची आहे, त्यामुळे १३ ऑगस्ट २००४ ची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या आवारात कस्तुरबानगरच्या स्त्रियांच्या जमावाने गुंड अक्कू यादवला ठार मारले. त्याने वस्तीवर वर्षानुवर्षे केलेले अत्याचार सगळ्या शहराला माहीत होते. पोलिसांकडे जाऊनही काही होत नाही हा त्या वस्तीचा अनुभव होता. २०१४ मध्ये सगळे आरोपी सुटले. मग पूर्वीचा छळ हा बचाव आपल्या न्यायालयाने मान्यच केला, असे म्हणता येणार नाही का?

सांजवात

नाही म्हणता येणार, आणि हा गैरसमज दूर व्हायला हवा. ती सुटका पुराव्याअभावी झाली. कोणी वार केला हेच सिद्ध झाले नाही, त्यामुळे का केला या प्रश्नापर्यंत न्यायालयाला जावेच लागले नाही. वस्तीने जे सोसले त्याचा न्याय त्या निकालात झाला नाही आणि त्याचा हिशेबही मांडला गेला नाही.

पण या उदाहरणातून वकिलांची एक अडचण नीट समजते. आपल्याकडे खुनाच्या खटल्यात बहुतेक वेळा बचाव एकच असतो: ‘मी केलेच नाही, सरकार पक्षाने सिद्ध करावे.’ अपवादाचा आधार घ्यायचा तर ‘हो, वार मी केला, पण त्या परिस्थितीत केला’ असे म्हणावे लागते. तसे म्हणताच ती परिस्थिती दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. तो सरकार पक्षाच्या भाराइतका जड नसतो, शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते. पण प्रक्षोभ मान्य झाला नाही, तर कबुली तेवढी मागे उरते. शिवाय छळाचा इतिहास वकिलाने स्वतःहून पुढे आणला, तर तो हेतूचा पुरावा म्हणून सरकार पक्षाच्याच कामी येतो. म्हणून अनुभवी वकीलसुद्धा बाईला सांगतात, ‘मारहाणीचे काही बोलू नकोस.’ मीही माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईला असे सांगितले आहे. तिच्या जबाबात नवऱ्याविषयी एक शब्द नव्हता, आणि निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिले की आरोपीने छळाबद्दल काहीही म्हटलेले नाही. ते वाक्य मी विसरू शकलेले नाही.

पांथस्थ

ही शेवटची गोष्ट वाचून माझे मत थोडे हलले, हे मान्य करतो. तरी एक प्रश्न राहतो. घर सोडून जाण्याचा मार्ग असताना जीव घेणाऱ्याला सवलत का द्यावी? २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत.

रानजाई

कायदा आहे आणि ज्यांना त्याचा उपयोग झाला अशा अनेक जणी मी पाहिल्या आहेत. पण घर सोडण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो, हे आमच्या कामात पुन्हापुन्हा दिसते. ‘ती निघून का गेली नाही’ असे विचारण्याआधी ती आधी किती वेळा निघून गेली होती आणि तिला परत कोणी आणले, हे विचारून पाहा. अनेकदा तिला परत आणणारे तिचे स्वतःचे माहेर असते. आणि हे फक्त बायकांपुरते नाही. बापाचा मार खात मोठा झालेला मुलगा एके दिवशी आईवर उगारलेला हात पकडतो आणि मग थांबत नाही, अशीही घरे मला माहीत आहेत.

थेम्सकाठ

पांथस्थ यांच्या शंकेला इथल्या न्यायालयाने दिलेले उत्तर मला योग्य वाटते. सॅली चॅलन यांनी २०१० मध्ये नवऱ्याला हातोडीने मारले आणि २०११ मध्ये त्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, जोडीदारावर सतत नियंत्रण ठेवून त्याला जखडून टाकणे हा इथे स्वतंत्र गुन्हा ठरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मानसिक स्थितीच्या नव्या पुराव्यावर त्यांचा दोष रद्द झाला आणि जूनमध्ये सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारून, भोगलेली शिक्षा पुरेशी मानून, त्यांना सोडण्यात आले. अपील न्यायालयाने मात्र स्पष्ट केले की असे नियंत्रण हा स्वतःहून खुनाला बचाव नाही. प्रक्षोभ आणि मानसिक स्थिती तपासताना त्याचा संदर्भ म्हणून विचार होईल.

शमी

मी एरवी फक्त वाचते, आज पहिल्यांदाच लिहीत आहे. माझी मामेबहीण अशाच आरोपाखाली कोठडीत आहे. दोषारोपपत्र अजून दाखल व्हायचे आहे. तिने दोनदा पोलीस ठाण्यात तक्रार दिल्याचे आम्हाला आठवते, एकदा सरकारी रुग्णालयातही नेले होते, पण आमच्याकडे एकही कागद नाही. घरच्यांना वाटते की हे विषय काढले तर तिचेच नुकसान होईल. सांजवातताई, आम्ही काय करावे?

सांजवात

शमी, छळाचा मुद्दा खटल्यात मांडायचा की नाही, हे तिच्या वकिलांनी पुरावा पाहून तिच्याशी बोलून ठरवायचे आहे. आज तुम्ही ठरवू नका. पण कागद हातात असतील तरच तो निर्णय घेता येईल. खासगी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या व्यक्तीला आणि स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

कागदांविषयी सांगते. पोलीस ठाण्यात एनसीच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. नक्की तारीख आठवत नसेल तर सणावरून, मुलाच्या परीक्षेवरून महिना सांगा. रुग्णालयात केसपेपर मागा आणि वैद्यकीय-न्यायिक नोंद, म्हणजे संशयास्पद जखमेची पोलिसांना कळवायची नोंद, झाली होती का ते विचारा. तिथे ‘पायऱ्यांवरून पडले’ असे लिहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे, कारण नवरा शेजारी उभा असताना बाई दुसरे काही सांगत नाही. तरीही तो कागद घ्या, कारण जखम कुठे आणि कशी होती हे डॉक्टरांनी लिहिलेले असते आणि पडल्याची जखम दंडाच्या आतल्या बाजूला क्वचितच होते. संरक्षण अधिकाऱ्यांकडे कधी गेली असेल तर कौटुंबिक घटना अहवाल असेल. फोनमधले संदेश पुसू नका आणि तो फोन कोणाला वापरायला देऊ नका. शेजाऱ्यांपैकी कोणी तिला मध्यरात्री घरात घेतले असेल, तर त्यांची नावे वकिलांना आजच कळवा.

जुन्या नोंदवह्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. तिची पहिली तक्रार किती वर्षांपूर्वीची आहे ते तिला पुढच्या भेटीत विचारा, आणि अर्ज मात्र त्या भेटीची वाट न पाहता उद्याच द्या.